केसांची इज्जत

मी शाळेत उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवते. त्यामुळे एक गोष्ट नेहमी लक्षात येते. उर्दू शायरीतून जुल्फ काढून टाकली, तर कित्येक शायरांचे दीवान निम्मे रिकामे होतील. आणि ही जुल्फ सरळ कधीच नसते. तिच्यात पेच असतो, खम असतो, आशिक त्याच्यात अडकतो आणि सुटत नाही. मराठीतही कपाळावर आलेल्या कुरळ्या बटांचं कौतुक कमी झालेलं नाही. म्हणजे कागदावर दोन्ही भाषांना कुरळे केस आवडतात.

घरात मात्र भाषा बदलते. तीच जुल्फ स्वतःच्या लेकीच्या डोक्यावर उगवली, की मराठीत तिच्या झिंज्या होतात, झिपऱ्या होतात. आमच्या वऱ्हाडी उर्दूत चिमणीचं घरटं होतं. "क्या चिडिया का घोसला बना के रखी है सर पे!" हे वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलं आहे, की त्याचा सूरही माझ्या कानात आहे. आता वर्गातली पोरं 'मॅगी' म्हणतात. नाव नवीन, चिडवणं जुनंच.

माझे केस कुरळे आहेत. ते माझ्या ददिहालकडून आले. अब्बांचे तसेच होते, पण पुरुषाचे केस आखूड, त्यामुळे त्यांना कुणी काही बोललं नाही. मी मुलगी, म्हणून ती एक समस्या झाली. दर जुम्याला अम्मी मला पुढ्यात बसवायची, वाटीभर तेल ओतायची आणि कोरड्या केसांवर बारीक दातांची फणी टाळूपासून खाली ओढायची. डोळ्यांतून पाणी यायचं. मग दोन घट्ट वेण्या, इतक्या घट्ट की भुवया वर ओढल्या जायच्या. अम्मीचा दोष नव्हता. तिचे स्वतःचे केस रेशमासारखे सरळ, तिला तिच्या अम्मीने जे शिकवलं तेच ती माझ्यावर करत होती. सरळ केसांचा इलाज कुरळ्या केसांवर चालला होता.

पुढे रिश्ते यायला लागले. आमच्याकडे मुलगी बघायला आलेल्या बायका आतल्या खोलीत आल्या, की हळूच ओढणी मागे सारून केस बघतात. लांबी बघतात, दाटपणा बघतात. एक बाई माझी वेणी हातात धरून म्हणाल्या, "बाल तो बहुत हैं, पर जरा रूखे हैं." तो रिश्ता पुढे गेला नाही. कारण केसच होते असं मी म्हणणार नाही, पण त्या दिवसानंतर घरात मेथी, दही, अंडं, मेंदी असं सगळं माझ्या डोक्यावर थापलं गेलं. केस कुरळेच राहिले. राहणारच होते. केसाचा आकार त्याच्या मुळाच्या आकारावर ठरतो. मूळ जिथून उगवतं ती त्वचेतली पिशवी सरळ आणि गोल असेल तर केस सरळ येतो, ती वाकडी आणि चपटी असेल तर केस वळत वळत बाहेर येतो. वरून काहीही लावा, आतली पिशवी तशीच राहते.

कुरळे केस रुक्ष का दिसतात, हेही मला उशिरा कळलं. टाळूतून नैसर्गिक तेल निघतं. सरळ केसावरून ते घसरगुंडीवरून घसरावं तसं टोकापर्यंत जातं. कुरळ्या केसाला प्रत्येक वळणावर अडथळा. तेल वरच राहतं आणि टोकं कोरडी पडतात. म्हणजे त्या बाईंनी ज्याला रूखे म्हटलं तो माझा आळस नव्हता आणि घाणही नव्हती. ती केसाची ठेवण होती.

*

चिडवण्याचा एक शब्द मात्र मला मॅगीपेक्षा जास्त टोचतो. तो म्हणजे 'हबशी'. मराठीतही आहे, उर्दूतही आहे. काळा रंग आणि बारीक कुरळे केस दिसले की हा शब्द तोंडातून सहज निघतो. काही वर्षांपूर्वी सहावीच्या वर्गात एका मुलीला बाकीच्या मुली या नावाने हाक मारत होत्या. मी त्या दिवशीचा धडा बाजूला ठेवला आणि विचारलं, "पहिली अजान कुणी दिली?" सगळ्यांचे हात वर. "हजरत बिलाल!" मग विचारलं, "ते कुठले होते?" एकदोघींनीच हळू आवाजात सांगितलं, हबशाचे. वर्ग शांत झाला.

मग मी मलिक अंबरची गोष्ट सांगितली. हबशाच्या मुलखात, म्हणजे आजच्या इथिओपियात जन्मलेला मुलगा, गुलाम म्हणून विकला गेला, बाजार बदलत बदलत दख्खनला आला आणि निजामशाहीचा कारभारी झाला. मुघलांची फौज त्याने वर्षानुवर्षं थोपवून धरली. १६१० साली त्याने खडकी हे शहर वसवलं, तेच पुढे औरंगाबाद झालं, आज छत्रपती संभाजीनगर. तिथे त्याने जमिनीखालून नहर काढून पाणी आणलं. १६२६ मध्ये तो वारला. आमच्या शेगावहून संभाजीनगर काही फार दूर नाही, वर्गातल्या निम्म्या मुलींचे नातेवाईक तिथे आहेत. ज्या माणसाने त्यांच्या खालाच्या गावाला पाणी पाजलं, त्याच्या जातकुळीचं नाव आपण शिवीसारखं वापरतो. हे मी मुलींना रागावून सांगितलं नाही. फक्त सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी नेहमीसारखी मागच्या बाकावर बसली होती. पण हाक तिच्या नावाने मारली जात होती.

आपल्या घरांत दीनचं नाव घेऊनही केसांबद्दल बरंच बोललं जातं, म्हणून तेही थोडं सांगते. अबू दाऊदच्या संग्रहात एक छोटी हदीस आहे. तिचा अर्थ असा, की ज्याला केस आहेत त्याने त्यांची इज्जत ठेवावी. सरळ केसांची असं त्यात नाही. हजरत अनस यांनी हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांच्या केसांचं जे वर्णन केलं आहे, त्यात केस अगदी बारीक कुरळेही नव्हते आणि अगदी सरळही नव्हते असं येतं. आणि मला सगळ्यात जवळची वाटते ती हजरत उम्मे सलमा यांची गोष्ट. त्यांनी विचारलं होतं, की मी वेण्या फार घट्ट घालते, गुस्लसाठी त्या सोडाव्या लागतील का? उत्तर मिळालं, नाही, डोक्यावर तीन ओंजळी पाणी घाला, पुरे. सहीह मुस्लिममध्ये ही रिवायत आहे. ज्या बाईने रोज स्वतःच्या केसांशी झुंज दिली आहे, तिला या प्रश्नातला थकवा लगेच ओळखू येईल. आणि उत्तरातली नरमाईसुद्धा.

*

आता शेगावबद्दल. आमचं गाव बाहेरच्या लोकांना गजानन महाराजांच्या मंदिरामुळे आणि कचोरीमुळे माहीत. २०२५ च्या जानेवारीत ते देशभर आणखी एका कारणाने माहीत झालं. तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक गळायला लागले. आधी डोकं खाजायचं, मग केस हातात यायचे, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. म्हातारे, तरुण, बायका, लहान मुलं, कुणी सुटलं नाही. टीव्हीवाल्यांनी त्याला 'टक्कल व्हायरस' असं नाव देऊन टाकलं. व्हायरस नव्हताच.

आधी संशय पाण्यावर गेला. ते साहजिक होतं. आमचा भाग पूर्णा नदीच्या खोऱ्यातला, खारपाणपट्ट्यातला. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरलेला आहे. इथल्या बोअरचं पाणी तोंडात घेतलं तर खारट लागतं, त्यात साबणाला फेस येत नाही. तपासणीत पाण्यात क्षार आणि नायट्रेट जास्त निघाले. मग बुरशीचा संशय आला. कुणी शाम्पूला दोष दिला. आयसीएमआरची पथकं आली, रक्ताचे, केसांचे, पाण्याचे नमुने गेले. सरकारी तपासणीत आणि डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या अभ्यासात एक नाव पुढे आलं, सेलेनियम. डॉ. बावस्कर म्हणजे विंचूदंशावरच्या कामासाठी जगभर ओळखले जाणारे महाडचे पद्मश्री डॉक्टर. त्यांनी सांगितल्याप्रमाणे १८ गावांतल्या २७९ लोकांना हा त्रास झाला होता, आणि सेलेनियम आलं होतं रेशनच्या गव्हातून. हा गहू पंजाबकडचा, आणि तिथल्या काही भागांच्या मातीतच सेलेनियम जास्त आहे. गव्हाच्या मुद्द्यावर पुढे वादही झाला. नंतर काही लोकांची नखंही गळायला लागली.

ही माहिती वर्तमानपत्रांतून सगळ्यांनी वाचली. मी दुसरी बाजू पाहिली. आमच्या शाळेत आसपासच्या खेड्यांतून मुली येतात. त्यातली एक सातवीतली पोर, दाट कुरळ्या केसांची. केस तिच्या दादीच्या नजरेत कायम सलायचे. शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला आली तरी दादी तिच्या डोक्यावर पाण्याचा हात फिरवून ते बसवायची आणि मला म्हणायची, "मॅडम, इसके बालों का कुछ इलाज बताओ ना." त्या जानेवारीत ही मुलगी आठ दिवस आली नाही. नंतर आली ती स्कार्फ घालून, आणि स्कार्फ कपाळावर दोन पिना लावून घट्ट केलेला. मधल्या सुट्टीत तिने डबा उघडला नाही. मी जवळ गेले तेव्हा तिने पहिली गोष्ट विचारली ती ही: "टीचर, बाल वापस आए तो सीधे आएँगे क्या?"

मला तिला काय सांगावं कळेना. केस गेल्याचं दुःख तिला होतंच. पण बारा वर्षांच्या पोरीला त्या दुःखातही एक आशा दिसत होती, की या निमित्ताने तरी आपण दुरुस्त होऊ. आपण तिच्या डोक्यात काय भरून ठेवलं आहे, ते त्या एका प्रश्नात होतं.

गावागावांत लोक तोंड लपवून फिरत होते. कुणी लाजेने उरलेले केसही काढून गोटा केला होता. मुलामुलींची लग्नं जमायला अडचण येते अशा बातम्या येत होत्या. कुणी शेजारी बसायला तयार नव्हतं, न्हावी हात लावायला घाबरत होता. आजार अंगाला झाला होता, शिक्षा मात्र माणसाच्या इज्जतीला मिळत होती. आणि नुस्खे विकणाऱ्यांची चंगळ झाली. कांद्याचा रस, कसलीशी जडीबुटी, कुठलंसं तेल. इथे मी स्पष्ट सांगते. केस अचानक, मूठमूठ गळत असतील तर ते तेलाचं काम नाही. सरकारी दवाखान्यात जा, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, रक्त तपासा. केस हा शरीराचा हिशोब लिहिणारा मुनीम आहे. पोटात काय गेलं, ते तो लिहून ठेवतो. म्हणून तर डॉक्टरांनी लोकांचे केसही तपासायला नेले.

अल्हम्दुलिल्लाह, बऱ्याच लोकांचे केस काही आठवड्यांत परत यायला लागले. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा त्या मुलीच्या डोक्यावर बोटभर केस होते. आणि ते कुरळे होते, अगदी पहिल्यासारखे, लहान लहान कड्यांचे. फाटकापाशी दादी उभी होती. तिने मला पाहिलं, नातीचा स्कार्फ स्वतः मागे सारला आणि म्हणाली, "देखो मॅडम, आ गए." इलाज तिने विचारला नाही. त्या कड्यांवरून ती नुसता हात फिरवत होती, दाबत नव्हती.

*

सेलेनियम केसाला नेमकं काय करतं हे शोधताना मला एक गोष्ट सापडली. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. केराटिनच्या धाग्यांना एकमेकांशी बांधून ठेवतात ते गंधकाचे टाके. नखांतही तेच. सेलेनियम हे गंधकाचं चुलत भावंड. शरीरात ते फार झालं की गंधकाच्या जागी घुसतं, टाके कच्चे पडतात, केस आणि नखं गळतात, असं शास्त्रज्ञ सांगतात.

आता पार्लरमध्ये 'रीबॉन्डिंग' करतात ते काय? तेच गंधकाचे टाके मुद्दाम उसवतात. आधी तोडणारं रसायन लावतात, मग तापलेल्या इस्त्रीने केस ओढून सरळ करतात, मग दुसऱ्या रसायनाने त्याच सरळ अवस्थेत पुन्हा शिवतात. आमच्या गावात ज्या टाक्यांसाठी लोक रडले, तेच टाके उसवून घ्यायला आपण चार हजार रुपये मोजतो. आणि मुळातून येणारा नवा केस कुरळाच येतो. चार-सहा महिन्यांनी वर कुरळे, खाली सरळ असा प्रकार होतो, की पुन्हा पार्लर.

'स्मूदनिंग', 'केराटिन ट्रीटमेंट' अशा नावांनी जे होतं त्यातही बघून घ्यावं लागतं. काही मिश्रणांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते, आणि फॉर्मल्डिहाइड जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने माणसांत कर्करोग करणाऱ्या पदार्थांत टाकलेलं आहे. त्याच्याऐवजी ग्लायऑक्सिलिक ॲसिड वापरतात म्हणून ते सुरक्षित, असं सांगितलं जातं. पण २०२४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका तरुणीची नोंद छापून आली. तिने अशा क्रीमने तीनदा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मी कुणाला घाबरवत नाही. ज्याला करायचं आहे त्याने करावं, पण डबीवर काय लिहिलं आहे ते वाचून करावं.

हे सगळं मी घरात बोलले, कारण माझी लेक चौदाची आहे. मामाच्या मुलीच्या शादीसाठी तिला केस सरळ करून हवे होते. तिचं म्हणणं साधं होतं: फोटोत सगळ्या बहिणी सारख्या दिसतील आणि मी एकटी वेगळी. मी तिला रसायनाची गोष्ट सांगितली, त्या सातवीतल्या मुलीचीही सांगितली, नाव न घेता. ती ऐकत राहिली. शेवटी तिने शादीच्या दिवशी मैत्रिणीकडून इस्त्री आणून एका दिवसापुरते केस सरळ केले, फोटो काढले आणि दुसऱ्या दिवशी धुऊन टाकले. धुतल्यावर आरशात बघून म्हणाली, "अम्मी, ये मैं हूँ." मला एवढं पुरलं. सरळ केस करणं गुनाह आहे असं मला तिला शिकवायचं नव्हतं. आपले केस म्हणजे चूक आहे असं तिला वाटू नये, इतकंच होतं.

*

आता कामाचं सांगते, कारण बहिणी मला हेच विचारतात. हे सगळं मी स्वतःवर आणि लेकीवर करून पाहिलेलं आहे.

पहिलं, पाणी. बोअरच्या खाऱ्या, जड पाण्याने केस राठ होतात. त्या पाण्यातल्या क्षारांशी साबणाची गाठ पडली की चिकट पांढरा साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. म्हणून डोक्याला कपड्याचा किंवा अंगाचा साबण नकोच. नळाचं गोडं पाणी किंवा पावसाळ्यात पत्र्यावरून धरलेलं स्वच्छ पाणी असेल तर शेवटचे दोन तांबे तरी त्याचे घ्या.

दुसरं, धुणं. कुरळे केस रोज धुवायचे नसतात. आठवड्यातून एकदा-दोनदा पुरे. शिकेकाई-रिठा चालतो, फक्त पूड नीट गाळून घ्या, नाहीतर कण कड्यांत अडकून बसतात. शाम्पू चालतो, तो टाळूला लावायचा, टोकांना नाही. शाम्पू हा शब्दही आपल्याच चंपीच्या घराण्यातला आहे. पाटण्यात १७५९ साली जन्मलेले शेख दीन मोहम्मद इंग्लंडला गेले. इंग्रजीत पुस्तक छापणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. पुढे ब्रायटनला त्यांनी हमाम काढलं आणि गोऱ्यांना चंपी-मालिश करून दिली, राजे चौथे जॉर्ज यांचीही. तिथे 'शाम्पू' म्हणजे अंग चेपणं, चांपणं होतं. केस धुण्याचा अर्थ नंतर चिकटला. तेव्हा चंपी करताना घाई नको, ओढाताण नको, बोटांच्या पेरांनी करा.

तिसरं, कंगवा. ही सगळ्यात मोठी गोष्ट. कुरळे केस कोरडे असताना विंचरायचेच नाहीत. ओले असताना, तेल किंवा कंडिशनर लावलेलं असताना, आधी बोटांनी आणि मग जाड दातांच्या कंगव्याने. आणि खालून वर यायचं. आधी टोकांचा गुंता, मग मधला, मग मुळाजवळचा. माझ्या अम्मीची फणी वरून खाली यायची, म्हणून माझे डोळे भरायचे. फणी उवांसाठी ठेवा.

चौथं, तेल. धुण्याआधी तास-दोन तास लावलेलं बरं. मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना छापली. केसातलं प्रथिन धुपण्यापासून वाचवलं ते खोबरेल तेलानेच, कारण ते केसाच्या आत शिरतं. ही कंपनी स्वतः खोबरेल तेल विकते हे लक्षात ठेवूनच हे वाचावं, पण माझाही अनुभव तसाच आहे. तेल थोडं घ्या. वाटीभर तेल डोक्याला नाही, उशीला लागतं.

पाचवं आणि माझं लाडकं, जवस. आपल्या विदर्भात जवसाच्या चटणीशिवाय भाकरी जात नाही, तेच हे जवस. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मंद आचेवर सात-आठ मिनिटं ढवळत राहा. पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं तारेवर आलं की गरम असतानाच जुन्या ओढणीच्या कापडातून गाळा. थंड झाल्यावर गाळणार असाल तर विसरा, निघत नाही. धुतलेल्या ओल्या केसांना हा लगदा चोळायचा नाही, मुठीत केस घेऊन खालून वर दाबायचा. मग तसेच वाळू द्यायचे, टॉवेलने खसाखसा पुसायचे नाहीत. जुना सुती टी-शर्ट टॉवेलपेक्षा बरा. वाळल्यावर केस थोडे कडक वाटतात, हाताने चुरगळले की मऊ होतात आणि कड्या सुट्या दिसतात. फ्रिजमध्ये हा लगदा आठवडाभर टिकतो. खर्च दहा रुपयांच्या आत. बाजारात हेच बाटलीत भरून पाचशेला मिळतं.

मेंदीबद्दल विचारतात. साधी पानांची मेंदी केराटिनला चिकटते, रंग देते, पण वारंवार लावली की कुरळ्या केसांच्या कड्या थोड्या सैल होतात. 'काळी मेंदी' म्हणून जे मिळतं त्यात बहुतेक वेळा रसायन असतं, त्याने डोकं सुजलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. जपून.

आणि आमच्यासारख्या स्कार्फ, हिजाब घालणाऱ्यांसाठी. लोक विचारतात, "केस झाकलेलेच असतात, मग एवढं कशाला?" झाकलेली चीज सांभाळायची नसते, हे कुणी सांगितलं? घरात केस दिसतात, आरशात दिसतात, आणि डोकं आपलंच असतं. ओल्या केसांवर स्कार्फ बांधून शाळेत जाऊ नका, टाळूला बुरशी धरते. आतली टोपी सुती घ्या. अंबाडा रोज एकाच जागी, घट्ट बांधू नका. कपाळाच्या कडेचे केस सतत ओढले गेले की ते मुळासकट जातात आणि कधीकधी परत येत नाहीत. घरी आल्यावर पिना काढा आणि डोक्याला हवा लागू द्या.

*

आमच्या शाळेत मुलींसाठी केसांचा एक नियम होता: तेल लावून, चापून, दोन घट्ट वेण्या. सरळ केसांच्या मुलींना तो पाच मिनिटांचा नियम होता. कुरळ्या केसांच्या मुलींना तो रोजचा अर्धा तास, डोळ्यांत पाणी आणि प्रार्थनेच्या रांगेत नाव. गेल्या वर्षी शिक्षकांच्या बैठकीत मी हा विषय काढला. कुणी म्हणालं, शिस्त बिघडेल. कुणी म्हणालं, उवा होतील. मी म्हटलं, उवा घट्ट वेणीतही होतात, आणि शिस्त केस बांधण्यात आहे, चापण्यात नाही. जानेवारीतली ती मुलगी आठवते का, एवढंच विचारलं. मग फार चर्चा झाली नाही.

आता फलकावर लिहिलेलं आहे: केस स्वच्छ, विंचरलेले आणि बांधलेले असावेत. आधीच्या नियमातला 'चापून' एवढा शब्द गेला आहे. आठवीत गेलेली ती मुलगी आता एकच सैल वेणी घालते, कानाजवळ दोन कड्या सुटलेल्या असतात. परवा मराठीच्या तासाला मी 'कुरळे' या शब्दाला वाक्यात उपयोग विचारला, तर तिने हात वर केला आणि उभी राहून म्हणाली, "माझे केस कुरळे आहेत."

व्याकरणात काही चूक नव्हती. मी पुढच्या शब्दाकडे वळले.